७८०५ वापरून ५ व्होल्टचा भरवशाचा पुरवठा: आधी हिशेब, मग सोल्डरिंग

मागाचे फेरे मोजणारा काउंटर असो, ठिबकचा टायमर असो की डिप्लोमाचा प्रोजेक्ट, सर्किट मध्येच हँग होऊ लागले की आधी पुरवठा तपासा. बऱ्याचदा मायक्रोकंट्रोलर आणि प्रोग्राम दोन्ही ठीक असतात, पण ५ व्होल्ट सतत ५ राहत नाहीत. ७८०५ ही तीन पिनांची व्होल्टेज रेग्युलेटर आयसी हे काम पन्नासेक वर्षे करत आली आहे. ती स्वस्त आहे, शॉर्ट झाली तरी सहसा जळत नाही आणि कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळते. तरीही नवख्याच्या हातून ती फसते, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: सोल्डरिंग आधी होते, हिशेब नंतर.

हा रेग्युलेटर व्होल्टेज तयार करत नाही. आलेल्या व्होल्टेजमधले जास्तीचे तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्याची उष्णता करून टाकतो. म्हणून प्रश्न दोनच उरतात. अंगावर घ्यायला पुरेसे जास्तीचे व्होल्टेज प्रत्येक क्षणी हजर आहे का? आणि तयार होणारी उष्णता बाहेर जाते का? सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पत्र्याच्या शेडखाली, दुसऱ्या प्रश्नाला फार जपावे लागते.

क्रमांक आणि पिना

७८ नंतरचे आकडे म्हणजे आउटपुट व्होल्टेज: ७८०५ म्हणजे ५, ७८०९ म्हणजे ९, ७८१२ म्हणजे १२. ७९ ने सुरू होणारे ऋण व्होल्टेजचे. मध्ये एल असेल (७८एल०५) तर तो छोट्या ट्रान्झिस्टरएवढा, १०० मिलिअँपिअरचा. एम असेल तर ५०० मिलिअँपिअरचा. साधा ७८०५ एक अँपिअरचा समजावा. काही कंपन्या दीड लिहितात, पण त्यावर विसंबून डिझाइन करू नका.

छापलेली बाजू आपल्याकडे, पिना खाली धरल्या की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. पाठीचा धातूचा पत्रा आतून ग्राउंडलाच जोडलेला असतो. हीच सवय ७९०५ वर चालवली तर तो भाग गेलाच, कारण तिथे क्रम ग्राउंड, इनपुट, आउटपुट असा आहे आणि पत्रा इनपुटला जोडलेला आहे. ७८एल०५ मध्येही सपाट बाजू समोर धरली की डावीकडे आउटपुट, मध्ये ग्राउंड, उजवीकडे इनपुट येते, म्हणजे मोठ्या भावाच्या बरोबर उलट. एलएम३१७ आणि एएमएस१११७ हे दुसरे रेग्युलेटर दिसायला जवळचे असले तरी त्यांच्या पिना वेगळ्या आहेत आणि पत्रा आउटपुटला आहे. दुकानातून आणलेला भाग बोर्डात घालण्याआधी क्रमांक वाचायचा, दर वेळी.

पहिली पायरी: करंटची बेरीज

उदाहरण म्हणून मागावरचा फेरे-काउंटर घेऊ. क्रँकशाफ्टवर लोहचुंबक आणि शेजारी हॉल सेन्सर, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक पल्स. चार अंकांचा डिस्प्ले साधारण १५० मिलिअँपिअर, मायक्रोकंट्रोलर २०, सेन्सर १०, बझर ३०, ५ व्होल्टचा छोटा रिले ७० ते ८०. एकूण ३०० च्या आत. यावर दीडपट धरून ५०० मिलिअँपिअरसाठी पुरवठा बांधायचा.

रिले १२ व्होल्टचा असेल आणि रेग्युलेटरच्या अलीकडे तेवढे व्होल्टेज असेल, तर त्याची कॉइल अलीकडूनच चालवा. ५ व्होल्टवरचा भार हलका होतो आणि रिले ओढताना बसणारा झटका मायक्रोकंट्रोलरपर्यंत पोहोचत नाही. कॉइलवर उलटा डायोड दोन्ही बाबतींत हवाच.

दुसरी पायरी: खालची पातळी

७८०५ ला आउटपुटपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त लागतात. म्हणजे इनपुट ७ व्होल्टच्या खाली एक क्षणभरही जाता कामा नये. "एक क्षणभरही" हे महत्त्वाचे, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. रेग्युलेटरच्या आधीच्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरवरचे व्होल्टेज मात्र सेकंदाला शंभर वेळा चढते आणि उतरते. मीटरवर ९ दिसत असताना तळ ६.५ ला लागत असू शकतो.

ट्रान्सफॉर्मर ०-९ व्होल्टचा, १ अँपिअरचा घेऊ. ९ व्होल्ट एसीचा माथा ९ × १.४१४ म्हणजे १२.७. ब्रिजमधून (एसीचे डीसी करणारे चार डायोड) जाताना एका वेळी दोन डायोड लागतात, म्हणून १.४ वजा. कपॅसिटर ११.३ पर्यंत भरतो. दोन माथ्यांच्या मध्ये तो किती उतरतो त्याचे सोपे सूत्र: करंट भागिले (१०० × कपॅसिटर फॅरडमध्ये).

१००० मायक्रोफॅरड घातला तर ०.५ ÷ ०.१ = ५ व्होल्ट. तळ ६.३. झाले, ५ व्होल्टवर शंभर हर्ट्झची खाच पडली. डिस्प्ले फडफडेल, मायक्रोकंट्रोलर मनाला येईल तेव्हा रीसेट होईल. २२०० ला घट २.३, तळ ९. ३३०० ला घट १.५, तळ ९.८.

२३० व्होल्टला २२०० पुरतो. पण आपल्याकडे, विशेषतः वस्तीवर किंवा लांब लाइनच्या शेवटच्या टोकाला, व्होल्टेज उतरते. १९० व्होल्ट धरून पाहा: ट्रान्सफॉर्मर ७.४ देईल, माथा १०.५, डायोड वजा जाता ९.१. यातून २.३ गेले की ६.८, म्हणजे काम बिघडले. ३३०० घातला तर ७.६ उरतात आणि निभावते. म्हणून ३३०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. १६ व्होल्टचा कपॅसिटर घेऊ नका, कारण लोड नसताना ट्रान्सफॉर्मर छापील ९ पेक्षा बराच जास्त देतो आणि लाइन चढली तर १६ ची मर्यादा गाठली जाते.

हे सूत्र थोडे कडक आहे, प्रत्यक्षात घट याहून कमी येते. पण कडक राहिलेले बरे.

ट्रान्सफॉर्मर १ अँपिअरचाच का, ५०० चा का नाही? कपॅसिटर माथ्याच्या आसपासच्या थोड्या वेळातच सगळा करंट ओढून घेतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या तारेला डीसी करंटच्या साधारण पावणेदोन पट सोसावे लागते. अर्धा अँपिअर डीसीला जवळपास ०.९ अँपिअर एसी. ५०० चा ट्रान्सफॉर्मर लावला की तो तापतो, त्याचे व्होल्टेज बसते आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो.

तिसरी पायरी: उष्णता

इथे लाइन चढलेली धरायची. २५० व्होल्टला कपॅसिटरचा माथा १२.४ आणि सरासरी साधारण ११.६ येते. रेग्युलेटरच्या अंगावर ११.६ − ५ = ६.६ व्होल्ट. त्यातून ०.५ अँपिअर, म्हणजे ३.३ वॅट.

हीट सिंक नसताना या आकाराचा भाग दर वॅटला सुमारे ६५ अंशांनी तापतो. ३.३ वॅटला दोनशे अंशांच्या वर. अर्थात तिथवर तो जातच नाही, आतले संरक्षण त्याआधीच आउटपुट तोडते.

आता आपल्या हवेचा विचार. मे महिन्यात सावलीत ४२-४३ अंश असताना बंद डब्यात ५५ धरणे भाग आहे. पुस्तकातली उदाहरणे २५ अंशांवर सोडवलेली असतात. ती जशीच्या तशी उचलली की डिसेंबरात चाललेले यंत्र एप्रिलमध्ये दुपारी बंद पडू लागते. आतला जंक्शन (आयसीतली प्रत्यक्ष तापणारी चिप) १२५ अंशांच्या आत ठेवायचा म्हणजे आपल्याला मिळाले ७० अंश. ७० ÷ ३.३ = दर वॅटला २१ अंश. त्यातले ५ रेग्युलेटरच्या आतच खर्च होतात, १ जोडणीत. हीट सिंकला उरले १५. दुकानात १० किंवा त्याहून कमी अंश प्रति वॅटचा पाखांचा हीट सिंक मागा. तो नसेल तर २ मिलिमीटर जाड, ८ × ८ सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा उभा लावा, काम होते.

हीट सिंकशिवाय किती चालेल? याच ७० अंशांना ६५ ने भागा: जेमतेम १ वॅट. १२ व्होल्ट इनपुट असेल तर १५० मिलिअँपिअर. त्यापुढे हीट सिंक लागतोच.

माग चालतो तिथे आणखी एक अडचण असते. सुताची बारीक तूस हवेत सतत उडते. टॉवेलच्या कारखान्यात तर फारच. ती हीट सिंकच्या पाखांत बसून त्यांच्यावर गोधडी घालते. अशा ठिकाणी जवळजवळ पाखे असलेला हीट सिंक नको, रुंद फटींचा किंवा सपाट पत्रा बरा. त्याहून चांगले म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा घेऊन रेग्युलेटर त्याच्याच भिंतीला आतून कसायचा. ७८०५ चा पत्रा ग्राउंडला असल्याने, डबा सर्किटच्या ग्राउंडला चालत असेल तर मायका (मध्ये घालायचा विद्युतरोधक पापुद्रा) लागत नाही. ७९०५ ला किंवा एलएम३१७ ला मायका आणि प्लास्टिकचा बुश हवाच.

चौथी पायरी: सामान आणि जोडणी

सामान असे: ०-९ व्होल्ट १ अँपिअर ट्रान्सफॉर्मर, २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज होल्डरसह, १एन४००७ डायोड पाच (चार ब्रिजला, एक संरक्षणाला), ३३०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, शक्यतो १०५ अंशांचा, ०.३३ मायक्रोफॅरडचा (वर ३३४ छापलेले) आणि ०.१ मायक्रोफॅरडचा (१०४) कपॅसिटर, १० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट, ७८०५, हीट सिंक, ३ मिलिमीटरचा स्क्रू, हीट सिंक पेस्ट, एलईडी आणि ४७० ओहम, झिरो पीसीबी (भोकांचा तयार बोर्ड). चाचणीसाठी १० ओहम १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर वेगळा आणा. तो नंतरही दर वेळी उपयोगी पडतो.

आधी ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू पुरी करा. फ्यूज फेजच्या तारेत, प्रत्येक जोडावर स्लीव्ह, उघडी तार कुठेही नको. ही बाजू पीसीबीवर न आणणेच शहाणपणाचे.

मग ब्रिज आणि ३३०० चा कपॅसिटर. रेग्युलेटर अजून लावायचा नाही. ४० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीज बोर्डवरून, म्हणजे पुरवठ्याच्या तारेत बल्ब सिरीजमध्ये ठेवून, चालू करा. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक, पेटून राहिला तर शॉर्ट किंवा उलटा डायोड शोधा. कपॅसिटरवर १३ ते १५ व्होल्ट दिसायला हवेत. बंद करून १०० ओहमच्या रेझिस्टरने कपॅसिटर रिकामा करा. भरलेल्या कपॅसिटरवर रेग्युलेटर सोल्डर करताना आधी इनपुट आणि आउटपुट टेकले आणि ग्राउंड राहिले, तर पुढचा भाग जातो.

रेग्युलेटर आधी हीट सिंकला स्क्रूने कसा, मगच पिना सोल्डर करा. उलटे केले तर स्क्रू आवळताना पिनांवर ताण येतो आणि काही महिन्यांनी सोल्डरला बारीक गोल चीर पडते. पेस्ट कागदाएवढी पातळ लावा. जाड थर उष्णता अडवतो.

०.३३ आणि ०.१ चे कपॅसिटर रेग्युलेटरच्या पिनांपासून एक-दोन सेंटिमीटरच्या आत हवेत. मोठा ३३०० चा आहेच, हा छोटा कशाला, असे वाटते. पण मोठा कपॅसिटर जास्त फ्रिक्वेन्सीला सुस्त असतो आणि लांब तार मध्ये आली की रेग्युलेटर स्वतःच ऑसिलेट होऊ लागतो, म्हणजे त्याचे आउटपुट आपोआप वेगाने वरखाली होऊ लागते. आउटपुटला ०.१ च्या जोडीला १० मायक्रोफॅरड, आणि एलईडी ४७० ओहममधून. हा एलईडी नुसता दिवा नाही. तो साडेसहा मिलिअँपिअरचा कायमचा छोटा लोडही आहे.

पाचवा डायोड आउटपुटकडून इनपुटकडे, पट्टी इनपुटच्या बाजूला. इनपुट अचानक शून्य झाले आणि पुढे मोठा कपॅसिटर भरलेला असला तर करंट रेग्युलेटरच्या पोटातून उलटा वाहतो. हा डायोड त्याला बाहेरून वाट देतो. पुढच्या बोर्डवर १०० मायक्रोफॅरडपेक्षा मोठे कपॅसिटर असतील तर तो टाळू नये.

ग्राउंडच्या तारा कशाही जोडू नका. ब्रिजमधून मोठ्या कपॅसिटरमध्ये करंटचे जे ठोके जातात त्यांची वाट वेगळी, लोडची वेगळी. लोडचे ग्राउंड रेग्युलेटरच्या मधल्या पिनेजवळून घ्या. ब्रिज आणि कपॅसिटर यांच्या मधल्या तारेवरून घेतले तर उत्तम रेग्युलेटर असूनही आउटपुटला गुणगुण येते.

पाचवी पायरी: लोड न लावता पास करू नका

नुसते ५ व्होल्ट दिसले म्हणून पुरवठा झाला असे नाही. आउटपुटला १० ओहमचा सिमेंट रेझिस्टर लावा. बरोबर अर्धा अँपिअर ओढला जातो. रेझिस्टर अडीच वॅटने तापतो, टेबलावर प्लास्टिकला टेकवू नका.

आउटपुट ४.८ ते ५.२ मध्ये हवे, आणि लोड काढला-लावला तरी फारसे हलायला नको. इनपुट कपॅसिटरवर २३० च्या लाइनला १० ते ११ व्होल्ट यावेत. मग मीटर एसीवर टाकून तिथेच मोजा. ०.३ ते ०.५ व्होल्ट रिपल (डीसीवरची चढउतार) अपेक्षित आहे. स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीही मोजून भलताच आकडा दाखवतात, म्हणून लाल टोकाशी १ मायक्रोफॅरडचा बिनध्रुवाचा कपॅसिटर सिरीजमध्ये धरा. आउटपुटला हीच मोजणी जवळजवळ शून्य यायला हवी. आली नाही, तर दुसऱ्या पायरीकडे परत जा.

आता डबा बंद करून अर्धा तास चालू द्या, शक्य असेल तर दुपारी. नंतर पुरवठा बंद करून हीट सिंकला बोट लावा. तीन सेकंद टिकत नसेल तर तो साठ अंशांच्या आसपास किंवा वर आहे. हिवाळ्याच्या सकाळी इतका तापत असेल तर मोठा हीट सिंक लावा. मोठा कपॅसिटर हीट सिंकला चिकटून बसला नाही ना, तेही याच वेळी पाहा. इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मे होते.

बिघाड ओळखण्याच्या खुणा

दहा मिनिटे चालतो, बंद पडतो, थंड झाल्यावर पुन्हा चालतो: आतले थर्मल संरक्षण काम करत आहे. भाग बदलून उपयोग नाही, हीट सिंक किंवा इनपुट व्होल्टेज बदला.

आउटपुटला एकदम ९-१० व्होल्ट: मधल्या पिनेचे ग्राउंड सुटले आहे. या सर्किटमधला सर्वांत महाग बिघाड हाच, कारण ५ व्होल्टवरचे सगळे एका झटक्यात जाते. मधल्या पिनेचे सोल्डर भिंगातून पाहण्याची सवय लावा.

लोड नसताना भाग गरम आणि आउटपुट ४.७ किंवा ५.३ असे विचित्र, बोट जवळ नेले की आकडा हलतो: ऑसिलेशन. छोटे कपॅसिटर लांब आहेत किंवा राहिलेच आहेत.

संध्याकाळी लाइन उतरली की रीसेट: तळ ७ च्या खाली जातो आहे. जुना सेट असेल तर मोठा कपॅसिटर सुकला असण्याची शक्यता जास्त.

करंट पुरत नाही म्हणून दोन ७८०५ शेजारी शेजारी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. दोघांचे आउटपुट कधीच तंतोतंत सारखे नसते. ज्याचे किंचित वर, तो सगळा भार ओढतो आणि दुसरा बसून राहतो. तसे करण्यापेक्षा डिस्प्लेला एक आणि बाकी सर्किटला एक, असे वेगळे विभाग करा.

कुठे ७८०५ घेऊ नये

सोलापूरच्या अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या पॅनेलमध्ये बहुधा २४ व्होल्ट डीसी तयार असतो. त्यावरून ५ व्होल्ट ३०० मिलिअँपिअर घ्यायचे म्हणजे १९ × ०.३ = ५.७ वॅट उष्णता, तीही आधीच तापलेल्या पॅनेलच्या आत. तिथे एलएम२५९६ चा स्विचिंग मॉड्यूल लावा, अर्ध्या वॅटच्या आत काम होते. मात्र मॉड्यूलचा पॉट (व्होल्टेज ठरवणारा छोटा स्क्रू) फिरवून आउटपुट आधी ५ वर आणा, मगच सर्किट जोडा. विकत आणलेल्या मॉड्यूलचा पॉट कुठे असेल याचा नेम नसतो. ७८०५ च वापरायचा असेल तर इनपुटला ३९ ओहम १० वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. ३०० मिलिअँपिअरला साडेतीन वॅट तो घेतो आणि रेग्युलेटरकडे सव्वादोन वॅट उरतात. रेझिस्टरनंतर ०.३३ चा कपॅसिटर रेग्युलेटरजवळ राहू द्या.

पंप स्टार्टरसाठी जीएसएम (मोबाइल नेटवर्कचा) मॉड्यूल जोडताना फार जण चुकतात. सिम८००एल या जीएसएम मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि नेटवर्क शोधताना तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. ७८०५ इथे व्होल्टेजलाही चुकीचा आणि करंटलाही. ३ अँपिअरचा स्विचिंग मॉड्यूल ४ व्होल्टवर ठेवा, आणि मॉड्यूलच्या पिनांजवळ १००० मायक्रोफॅरड लावा.

वायफायच्या ईएसपी८२६६ ला ३.३ व्होल्ट हवेत. आपल्या ५ व्होल्टवरून एएमएस१११७-३.३ चालतो, कारण त्याला १.३ व्होल्टचा फरक पुरतो आणि इथे १.७ आहे. त्याचे इनपुट १५ व्होल्टच्या वर नेऊ नका, आणि आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचा टँटलम लावा, नुसत्या सिरॅमिकवर तो अस्थिर होऊ शकतो. ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवरून मात्र एएमएस१११७ ला फरक पुरत नाही. तिथे एमसीपी१७०० हा रेग्युलेटर घ्या: २५० मिलिअँपिअरपर्यंत, इनपुट ६ व्होल्टच्या आत, आणि स्वतःचा खर्च दोन मायक्रोअँपिअरहून कमी. ७८०५ स्वतःच्या चालण्यासाठीच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो, त्यामुळे सेलवर महिनोन्महिने चालायच्या यंत्रात त्याला जागा नाही. पण २५० मिलिअँपिअरच्या मर्यादेमुळे एमसीपी१७०० वर ईएसपी८२६६ ओढू नका, वायफाय प्रसारित करताना तो याहून जास्त मागतो.